हा दाखला कुठपर्यंत चालतो?

डॉ. विनायकराव माहूरकर सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी त्यांच्या 'कार्यकर्तृत्वावर' लिहावं, असं समितीच्या मंडळींनी कळवलं. सरांच्या कानावर ते गेलं तेव्हा सर म्हणाले, "कर्तृत्व कसलं? जन्मभर रक्ताच्या काचा पाहिल्या. कुणी तराजू पाहतो, मी काचा पाहतो." आदिलाबादेत ज्यांनी कधी सरांच्या लॅबमध्ये रक्त तपासून घेतलं असेल त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. सरांचं कौतुक करायला जावं तर ते अंग चोरतात, आणि फार लावून धरलं तर सरळ रागावतात. तेव्हा कर्तृत्वाची बाजू इतर लेखक सांभाळतील. मी सरांच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहिणार आहे. त्यांची परवानगी घेतली आहे. "लिहायचंच असेल तर तेच लिही," असं ते स्वतः म्हणाले.

सरांची आणि माझी पहिली भेट घडली ती माझ्या बाबांच्या पोटामुळे. आमचं गाव वांकिडीकडचं, महाराष्ट्राच्या सीमेवरचं. घरी कपाशी आणि ज्वारी. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते आणि भैंसा गावच्या एका घरी माझं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली होती, तिथी तेवढी काढायची होती. त्याच सुमारास बाबांचं वजन उतरायला लागलं. पोटाची डावी बाजू जड लागायची, दोन घास खाल्ले की पुरे व्हायचं. गावात सगळे म्हणाले, पानथरी म्हणजे प्लीहा वाढली, हिवतापाची असेल. औषधं झाली, काढे झाले, काही उतार पडेना. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन आम्हाला आदिलाबादला माहूरकर सरांकडे पाठवलं.

बसस्टँडमागच्या गल्लीतली ती लॅब तेव्हाही होती तशीच आज आहे. एक लांब टेबल, एक जुना मायक्रोस्कोप, भिंतीला लाकडी बाकडं. सरांनी बाबांच्या बोटातून रक्त घेतलं, काच तयार केली आणि बराच वेळ पाहत बसले. मग आपण उठून त्यांनी बाबांना त्या स्टुलावर बसवलं.

"पाहा. तुम्हाला काय दिसतं?"

आम्ही दोघंही गोंधळलो. मोठा डॉक्टर रोग सांगतो, आपण मान हलवायची, एवढीच रीत आम्हाला ठाऊक होती. पण सरांच्या लॅबची रीत वेगळी होती आणि आजही आहे. रक्तात काही गंभीर आढळलं तर तिथून कुणी नुसता कागद घेऊन जात नाही. आधी स्वतःचं रक्त स्वतः पाहायचं, मग ऐकायचं. "तुमच्या अंगातलं आहे. माझ्याआधी तुमचा हक्क," असं सर म्हणतात.

बाबांनी एक डोळा मिटून पाहिलं, मग मी पाहिलं. जांभळ्या ठिपक्यांची नुसती दाटी होती. सरांनी ती काच काढून दुसरी लावली. तिच्यात फिकट गुलाबी चकत्या पसरलेल्या होत्या आणि एखादाच जांभळा ठिपका मधूनच दिसत होता. "ही माझी," सर म्हणाले. "आता फरक सांगा." तो कुणीही सांगितला असता.

मग सरांनी रोग सांगितला. पांढऱ्या पेशींचा कर्करोग. हा शब्द त्यांनी आडवळणानं नाही, सरळ उच्चारला, आणि लगोलग म्हणाले, "औषध आहे. रोज एक गोळी. हैदराबादेला एक तपासणी पाठवू, पण माझी खात्री आहे." पुढे ते समजावू लागले. रक्तातल्या पेशी फार दिवस जगत नाहीत, रोज नव्या तयार व्हाव्या लागतात. त्या तयार होतात हाडांच्या आतल्या मगजात, थोड्याशा मूळपेशींपासून. त्यातल्या एका मूळपेशीत दोन गुणसूत्रं तुटली आणि त्यांचे तुकडे एकमेकांना चुकीचे जोडले गेले. त्या जोडातून एक नवं जनुक तयार झालं, आणि ते पेशीला सारखं एकच सांगतं, वाढ, वाढ. इथवर बोलून सरांना वाटलं की समोरच्या शेतकऱ्याला हे अजून जवळचं करून सांगावं. म्हणून ते म्हणाले, "तुमच्या घरी बियाण्याची ज्वारी असते ना, तशा या मूळपेशी समजा. बाकीचं रक्त म्हणजे पीक."

बाबा चटकन म्हणाले, "म्हंजे माह्या बियाण्यातच खोट हाये."

"बरोबर!" सर म्हणाले. इतक्या लवकर समजणारा माणूस भेटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता.

हीच ती चूक. तेव्हा ती आमच्यापैकी कुणालाच चूक वाटली नाही.

माझ्या बाबांविषयी इथे दोन शब्द लिहायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. कपाशीचं बियाणं पाकिटातून यायला लागून काळ लोटला, तरी आमच्याकडची रब्बीची गावरान ज्वारी घरच्याच बियाण्याची असते, आणि अर्धं गाव ते बियाणं आमच्या घरून नेतं. रामभाऊंच्या घरचं बियाणं म्हटलं की कुणी मूठ उघडून पाहत नाही. एका वर्षी उभ्या कणसांवर अवकाळी पाऊस पडला. दाणा दिसायला बरा होता. लोक मागायला आले, बाबांनी एकालाही दिलं नाही. "मले भरोसा नाई, मंग तुमाले कसं देऊ?" म्हणाले आणि सगळी ज्वारी जनावरांपुढे टाकली. आई आठवडाभर त्यांच्याशी धड बोलली नाही.

असा हा माणूस आदिलाबादहून परतताना बसमध्ये खिडकीबाहेरची शेतं पाहत बसला. मला वाटलं, रोगानं हादरले आहेत. गोळ्या सुरू झाल्या. काही दिवसांनी हैदराबादेचा अहवाल आला, सर म्हणाले तेच निघालं. एका सकाळी बाबा धुतलेलं धोतर नेसून "भैंशाले जाऊन येतो," म्हणून निघाले. आम्हाला वाटलं, तिथी ठरवायला गेले. दुसऱ्या दिवशी परत आले आणि टोपी खुंटीला लावत म्हणाले, "मोडून आलो."

आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "त्याहीनं तं नाई म्हटलं नोतं, मंग तुमी काऊन गेले?"

"त्याहीले मालूम नाई म्हून गेलो. साहेबानं सोता सांगतलं, बियाण्यातच खोट हाये. आपल्या घरचं खोटं बियाणं दुसऱ्याच्या वावरात मी पडू देनार नाई."

ते खोटं बियाणं म्हणजे मी. मी रडले, भांडले. पुस्तकात मी असं वाचलं नाही म्हणाले. पण परीक्षेपुरतं वाचलेलं माझं पुस्तक सरांच्या 'बरोबर'पुढे टिकेना. खरं सांगायचं तर रात्री अंथरुणावर पडले की माझाही भरवसा सुटायचा. बाबांचा विचार चूक असेल, पण त्यात अप्रामाणिक काही नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडताही येत नव्हतं. लग्न मोडल्याचं दुःख एकीकडे होतं. आपल्या अंगात काहीतरी नासकं आहे आणि ते आपल्याकडून पुढं जाणार आहे, हे वाटणं त्याहून वाईट होतं.

मी एकटीच आदिलाबादला गेले. सर काचेवर डोळा लावून बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, जरा चढ्या आवाजात सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील, अडाणी माणसं, काय करणार. हा शब्द मी तेव्हा मनात धरूनच गेले होते आणि उत्तरही तयार ठेवलं होतं.

सर म्हणाले, "तुझ्या बाबांनी माझं बोलणं अगदी नीट ऐकलं. बियाण्यात खोट असेल तर पुढच्या पिकात उतरणारच, हा हिशेब त्यांचा चुकला नाही. दाखला मी चुकीचा दिला. वर 'बरोबर' म्हणालो." मग म्हणाले, "उद्या मी येतो."

सरांनी दुसऱ्या दिवशी लॅबला कुलूप लावलं आणि आमच्या गावी आले. सरांची लॅब बंद असणं म्हणजे काय, हे आदिलाबादकरांना सांगायला नको. भावाच्या लग्नादिवशीही सकाळच्या काचा पाहून मग मांडवात गेलेला हा माणूस!

बाबांनी त्यांना ओसरीवर बसवलं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. तिथे आढ्याला यंदाची निवडलेली कणसं टांगलेली होती आणि खाली दोन कणग्या, एक मोठी, एक लहान. सर चहा पिता पिता त्यांच्याकडे बघत राहिले.

"रामभाऊ, ही लहान कणगी कशाची?"

"बियाण्याची हाये, साहेब."

"आणि मोठी?"

"खायाची."

"दोन्हींत ज्वारी एकच ना? मग वेगळी का ठेवता?"

बाबांनी सरांकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "खायाच्या कणगीत रोज हात जाते, साहेब. काढा, घाला, सांडा. त्यात किडा पडू शकते. बियाण्याची सुगीतच बाजूले काढाची, राख घालाची, पाला घालाचा, तोंड लिंपून टाकाचं. पेरणीपरेंत तिले हात लावाचा नाई."

"शरीरही हेच करतं," सर म्हणाले. "हाडातल्या मूळपेशी म्हणजे ही मोठी कणगी. रोजचं रक्त तिच्यातून निघतं, रोजची काढघाल असते. तुमचा बदल तिथे झाला. ज्यापासून मूल होतं ते बियाणं वेगळं. माणूस आईच्या पोटात असतो तेव्हाच ते बाजूला काढून ठेवलेलं असतं. आणि तुमची ही मुलगी सुनंदा जन्मली, तेव्हा तर मोठ्या कणगीतही काही झालेलं नव्हतं. मी त्या दिवशी मूळपेशींना बियाणं म्हणालो. ते चुकलं माझं."

बाबा बराच वेळ कणग्यांकडे पाहत राहिले. अंगणात शेजारची माणसं जमली होती. मग बाबा म्हणाले, "पन साहेब, दोनी कणग्या एकाच घरात हायेत. किडा इकडून तिकडं चालत जाते."

या प्रश्नावर सर रागावले नाहीत, उलट उजळले. "अगदी हेच विचारायला हवं. इथं माझा दाखला संपतो, रामभाऊ. किडा चालतो. हा बदल चालत नाही. तो ज्या पेशीत झाला तिच्यात आणि तिच्यापासून निघालेल्या पेशींतच राहतो. तुमच्या बियाण्यापर्यंत तो जात नाही. सुनंदापर्यंत गेलेला नाही."

"मंग त्या रोजी 'बरोबर' काऊन म्हटलं?"

"चुकलो," म्हणून सरांनी हात जोडले.

आमच्या अंगणात शिकलेल्या माणसानं असे हात जोडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते, त्यानंतरही नाही. बाबा गडबडून उठले. "असं नका करू, साहेब." सर म्हणाले, "आता भैंशाला चला. माझी चूक तुम्ही तिथे नेऊन पोचवली आहे. ती परत आणायला मलाच यायला हवं."

भैंशाच्या प्रवासाची हकिगत मला बाबांकडून आणि पुढे माझ्या यजमानांकडून कळली. वाटेत नेरडीगोंड्याला चहाला थांबले तेव्हा बाबांनी मनात कोंडलेली गोष्ट विचारली. "मी कधी दारूले शिवलो नाई, तंबाखू खाल्ली नाई. मंग मलेच काऊन?" सर म्हणाले, "माझे वडील निजामाच्या काळात तहसिलीत नक्कलनवीस होते. दिवसभर कागदांच्या नकला करायचे. हात मोत्यासारखा. तरी एखादा आकडा चुकायचाच. आपल्या हाडांतही जन्मभर नकला चालू असतात. वय वाढतं तशा चुका साचत जातात. माझ्या मूळपेशींत असतील, या चहावाल्याच्या असतील. बहुतेक चुका कुणाचं काही बिघडवत नाहीत. एखादी नेमकी नको तिथे होते. रक्तातल्या साध्या पेशीत झाली असती तर ती पेशी चार दिवसांत मेली असती, चूकही तिच्याबरोबर गेली असती. मूळपेशी मरत नाही लवकर, आणि तिच्यापासून पुढचं सगळं होत जातं. म्हणून तुमची चूक एवढी वाढली. तुम्ही काहीही केलेलं नाही, रामभाऊ." बाबा सांगतात, त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी त्यांना चहाची चव लागली.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, जिनिंगसाठी कापूस घेणारे. बोलण्यात पक्के. सरांनी तिथेही आधी चूक कबूल केली आणि मग सगळं समजावलं. मामाजींनी ऐकून घेऊन विचारलं, "म्हंजे कोणताच कॅन्सर खानदानी नसते, असं म्हनून राह्यले का तुमी?"

इथे 'नसतो' म्हणून मोकळं होता आलं असतं. एका मुलीचं लग्न त्या शब्दावर अडलं होतं, आणि समोरचे कोण पुस्तक काढून पाहणार होते! पण सर म्हणाले, "असं मी म्हणणार नाही. काही असतात. थोडे, पण असतात. काही घराण्यांत तसा बदल बियाण्यातूनच येतो. हा त्यातला नाही."

मामाजींनी पानाचा डबा पुढे ओढला, सावकाश पान लावलं. मग म्हणाले, "सगळा माल एक नंबर हाये म्हननारा मानूस आला, का मी गाठोडं सोडूनच पाहतो. तुमी 'काही असतात' म्हटलं. म्हून तुमचं 'हा नाही' मी मानलं." आणि बाबांकडे वळून त्यांनी तिथी विचारली.

लग्नानंतर यजमानांची शिक्षकाची नोकरी आदिलाबादेत लागली आणि मी सरांच्या लॅबमध्ये शिकायला जाऊ लागले. शिकायला गेले ती तिथलीच झाले. सरांच्या हाताखाली काम करणं सोपं नाही, हे इथे नमूद करून ठेवते. काच पुसताना बोटाचा ठसा राहिला तर ते काही बोलत नाहीत, ती काच उचलून आपल्यापुढे ठेवतात आणि निघून जातात. बोलले असते तर बरं, असं वाटतं. त्यांचं तेलुगू पन्नास वर्षं आदिलाबादेत राहूनही असं आहे, की तेलुगू पेशंट आदरानं ऐकून घेतात आणि मग माझ्याकडे वळून विचारतात, साहेब काय म्हणाले? तरी सर दुभाष्या घेत नाहीत. ज्याचा रोग त्याच्याशी आपणच बोलायचं, तोडकंमोडकं का असेना.

भैंशाच्या त्या प्रकरणानंतर सरांनी स्वतःला एक सवय लावून घेतली आणि ती आम्हा सगळ्यांना लावली. ते दाखला देणं सोडतील, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. "दाखल्याशिवाय माणसाला समजत नाही, मलाही समजत नाही," असं ते म्हणतात. पण आता समजावून झालं की ते पेशंटलाच सांगतात, तुमच्या शब्दांत सांगा. त्यानं सांगितलं की विचारतात, "हा दाखला कुठपर्यंत चालतो?" जिथे तो थांबतो ती जागा दोघांनी मिळून शोधायची, आणि मगच "तसल्ली झाली?" म्हणून सर उठतात. तसल्ली, म्हणजे समाधान, हा त्यांच्या वडिलांच्या उर्दू शिक्षणातून घरात राहिलेला शब्द. बाहेर खोळंबलेले लोक कुरकुरतात. मीही कधी कधी घड्याळाकडे बघते. सर बघत नाहीत.

एकदा बाबांनी बरं वाटतं म्हणून कापूस वेचणीच्या गडबडीत गोळी बंद केली होती. पेशी पुन्हा वाढल्या. मला संताप आला, सरांनी मात्र त्यांना बसवून विचारलं, "असं का झालं असेल? तुम्हीच सांगा." बाबा विचार करून म्हणाले, "हरळीवानी हाये हे. वरून खुरपलं, तं वावर साफ दिसते. खाली मुळी जित्तीच."

"कुठपर्यंत चालतो हा दाखला?"

"हरळी खनून काढता येते. हे हाडातून खनता येत नाई." मग स्वतःच म्हणाले, "म्हून रोज खुरपाचं. रोज गोळी."

गोळीनं वाढलेल्या पेशी मरतात, पण बदल झालेल्या काही मूळपेशी तळाशी निजून राहतात, एवढं सगळं त्या बोलण्यात आलं होतं. काही जणांची गोळी पुढे तपासण्या करत थांबवताही येते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपल्या मनानं नाही, हे सरांनी वर जोडलं. तेव्हापासून या रोगाचा कुणीही आला की सर हरळीचा दाखला देतात आणि "हा वांकिडीच्या रामभाऊंचा," असं न चुकता सांगतात. बाबांना हे कळल्यापासून त्यांची गोळी एकदाही चुकलेली नाही.

आता शेवटची गोष्ट, जी मी आजवर कुठे सांगितली नव्हती.

माझी मुलगी जन्मली तेव्हा बाबा आले, तिच्या पाळण्याशी उभे राहिले, लांबूनच आपल्या कानशिलांवर बोटं मोडून आशीर्वाद दिला. पण तिला उचलून घेतलं नाही. हात धुळीचे आहेत, खोकला येतो आहे, उद्या घेतो, असं म्हणत राहिले. बारशाच्या दिवशीही तेच. आईनं पाहिलं, मी पाहिलं. सगळं पटूनसुद्धा आत कुठेतरी तो 'बरोबर' अजून रुतून बसलेला होता. मी त्यांना दोष कसा देऊ? दिवस राहिल्यापासून मीही तोच शब्द उराशी घेऊन फिरत होते.

बारशाला सर आले होते. त्यांनीही पाहिलं. पंगत उठल्यावर ते म्हणाले, "रामभाऊ, जरा लॅबवर येता?" माझे यजमान बरोबर गेले. जन्मानंतर मुलीला थोडी कावीळ झाली होती, तेव्हा तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातल्या उरलेल्या थेंबाची सरांनी एक काच करून ठेवली होती. मला त्याचा पत्ताही नव्हता. सरांनी टेबलावर तीन काचा मांडल्या. म्हणाले, "एक तुमची, पहिल्या दिवसाची. एक माझी. एक तुमच्या नातीची. ओळखा."

बाबांनी एकेक काच पाहिली. स्वतःची लगेच ओळखली. ती दाटी ते विसरणं शक्य नव्हतं. उरलेल्या दोन त्यांनी पुन्हा पुन्हा आलटून पालटून पाहिल्या. शेवटी म्हणाले, "ह्या दोनी सारक्याच दिसतात, साहेब. यातली पोरीची कोनती?"

"तुम्हाला सांगता येत नाही ना?" सर म्हणाले. "मग झालं." आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे पुढचंही सांगितलं, "काच हा पुरावा नव्हे. पुरावा तोच, दोन कणग्यांचा. पण डोळ्यांना त्यांची तसल्ली लागते."

बाबा घरी आले. हौदावर कोपरापर्यंत हात धुतले, धोतराला पुसले, आणि पाळण्याशी येऊन मला म्हणाले, "दे इकडं." मुलीला छातीशी धरून ते अंगणात फेऱ्या घालत राहिले. माझ्या अंगावरचं ओझं त्या वेळी उतरलं. कोणत्याही पुस्तकानं ते उतरवलं नव्हतं. सर एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून बारशाच्या घुगऱ्या खात होते, जणू या सगळ्याशी त्यांचा काही संबंध नाही.

मुलगी आता शाळेत जाते आणि आजोबांना उलट उत्तरं देते. सरांच्या डोळ्यांचं मध्यंतरी ऑपरेशन झालं, आताशा बहुतेक काचा मीच पाहते. सर शेजारी बसून विचारतात, "तुला काय दिसतं?" इतक्या वर्षांनी अजूनही उत्तर देण्याआधी मी काच पुन्हा एकदा पाहते. चुकीचं 'बरोबर' म्हणण्याची भीती त्यांनी मला दिली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. रोगाचं नाव सांगणारे पुष्कळ भेटतात. ते नाव ऐकून समोरच्या घरात काय होईल, इथपर्यंत सोबत येणारे सर आम्हाला लाभले.

या लेखाच्या शेवटी सरांना दीर्घायुष्य चिंतायचं, अशी समितीची सूचना आहे. मी पुष्कळ वाक्यं लिहून खोडली. शेवटी बाबांना विचारलं, ते अंगणात बसून बियाण्याची कणसं निवडत होते. ते म्हणाले ते जसंच्या तसं देते.

"लिही. दर तीन महिन्यानं मी रक्त दाखवाले येतो. मी येईन तवा साहेब तिथं पाह्यजेत." एक कणीस उन्हात धरून त्यांनी नीट पाहिलं आणि निवडलेल्या ढिगात ठेवलं. "आन् हेबी लिही, मी काई इतक्यात यायाचं थांबत नाई."